पडदा उघडण्याआधी प्रश्न

कागल तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकेनं विचारलं आहे: "अकरावी कला शाखेचा वर्ग, ८५ मुलं. यंदा वर्गात प्रोजेक्टर बसला. सुट्टीत रात्री जागून मी प्रत्येक धड्याच्या ४०-४५ स्लाइड तयार केल्या. पहिला आठवडा मुलं खूश होती. आता दिवे घालवले की मागचे बाक पेंगतात आणि पुढचे स्लाइड वहीत उतरवून घेतात. खडूनं शिकवत होते तेव्हाच बरं चाललं होतं असं वाटायला लागलंय. चित्र, व्हिडिओ, आवाज वापरून तास जिवंत करायचा तर नेमकं काय करू? आणि स्लाइड मुलांना व्हॉट्सॲपवर द्याव्यात का?"

मॅडम, मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. यंदा २७ वर्षं होतील. पहिली ९ वर्षं खडू, भिंतीवरचे नकाशे आणि पृथ्वीगोल एवढ्यावर काढली. मग ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, त्यानंतर संगणक, आणि आता हातातला फोन. खडूनं बरं चाललं होतं हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. उत्तरही तिथूनच सुरू होतं.

फळ्यावर तुम्ही पंचगंगा काढायचात तेव्हा काय व्हायचं ते आठवा. आधी भोगावतीची रेघ. मग तुळशी, कुंभी, कासारी. प्रत्येक रेघ तुमच्या वाक्यासोबत उमटायची. पुढची रेघ कुठून येणार हे मुलांना माहीत नसायचं, म्हणून नजर खडूच्या टोकावर असायची. प्रयाग चिखलीच्या संगमापाशी तुमचा हात थांबला की ८५ पेन्सिली थांबायच्या. स्लाइडवर हीच आकृती नावांसकट, रंगांसकट तयार होऊन येते. मुलांच्या दृष्टीनं ती संपलेली असते. उरतं फक्त उतरवून घेणं, ते दोन मिनिटांत होतं आणि तुम्ही मात्र पुढची आठ मिनिटं त्याच चित्रावर बोलत राहता.

म्हणून पहिली दुरुस्ती ही, की हाताचा वेग पडद्यावर परत आणा. नदीखोऱ्याचं चित्र एकदम न आणता एकेक नदी क्लिकवर येऊ द्या. त्याहून सोपी आणि माझ्या आवडीची पद्धत म्हणजे प्रोजेक्टरवर फक्त कोरा नकाशा ठेवायचा आणि प्रकाश पडद्याऐवजी थेट फळ्यावर पाडून त्यावरच खडूनं काढायचं. हिरव्या फळ्यावर प्रोजेक्टरचं चित्र फिकं दिसतं खरं, पण बाह्यरेषा पुरेशी दिसते. पुसायचं असेल तर डस्टर आहेच. बऱ्याच ठिकाणी पडदा फळ्याच्या बरोबर मधोमध लावतात आणि तो खाली ओढला की फळाच नाहीसा होतो. तुमच्याकडे तसं असेल तर शिपाईमामांना सांगून पडदा एका कोपऱ्यात, थोडा तिरका लावून घ्या. फळा आणि पडदा दोन्ही एकाच वेळी हाताशी असले पाहिजेत. या एका बदलानं माझे तास जितके सुधारले तितके कुठल्याही सॉफ्टवेअरनं सुधारले नाहीत.

दुसरी दुरुस्ती तुम्हाला जड जाईल, कारण त्यात तुमची जागरणं आहेत. स्लाइडवरची वाक्यं काढून टाका. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानं चित्र, शब्द आणि आवाज यांच्या मेळावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातला आपल्या कामाचा निष्कर्ष असा: चित्र दाखवून तोंडानं समजावलं तर मुलं चांगलं शिकतात, पण तेच बोललेले शब्द पडद्यावर लिहूनही दाखवले तर शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं. कारण साधं आहे. डोळे एकच. ते एकतर चित्र पाहतील किंवा ओळ वाचतील, आणि वाचण्याचा वेग तुमच्या बोलण्याच्या वेगाशी जुळत नाही. नकाशावरची नावं, बाणाशेजारचा एखादा शब्द राहू द्या. व्याख्या आणि मुद्दे पाठ्यपुस्तकात छापलेले आहेतच, आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्येही मिळतात. तुमच्या ४५ स्लाइडमधून ज्या फळ्यावर काढताच येणार नाहीत तेवढ्याच ठेवा. माझा अंदाज आहे, पाच ते सात उरतील.

आता मुख्य गोष्ट. पडद्यावर काहीही आणण्याआधी मुलांकडून अंदाज घ्या, आणि तो सगळ्यांसमोर नोंदवा. हार्वर्डमध्ये एरिक मॅझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं आणि २००४ साली मांडलं. प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांना तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलेलं नव्हतं. ज्यांनी आधी काय घडेल याचा अंदाज केला होता त्यांना स्पष्टपणे जास्त समजलं. आपण व्हिडिओ लावून बाजूला उभे राहतो तेव्हा नेमकी हीच चूक करतो. मीही बरीच वर्षं केली.

एक पूर्ण तास सांगते म्हणजे कल्पना येईल. विषय सूर्याचं भासमान भ्रमण, म्हणजे वर्षभरात सूर्याची उगवायची-मावळायची जागा सरकत गेल्यासारखी दिसणं. कोरडा वाटतो, पण कोल्हापूरच्या मुलांना शिकवायला याच्याइतकं घरचं उदाहरण नाही, कारण आपल्याकडे अंबाबाईचा किरणोत्सव आहे. नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ तारखेला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वाराकडून आत शिरतात आणि मूर्तीच्या पायांपासून वर चढतात. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते पाहिलेलं किंवा घरी ऐकलेलं असतं. मी पडदा बंद ठेवून विचारते, "याच दोन वेळा का? मध्ये डिसेंबरात का नाही? जूनमध्ये का नाही?" फळ्यावर चार उत्तरं लिहिते. एक, तेव्हा दिवस सगळ्यांत लहान असतो. दोन, तेव्हा आभाळ निरभ्र असतं. तीन, त्या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. चार, सूर्य वर्षातून दोनदा त्या एकाच जागी मावळतो. मुलांनी बोटं छातीशी धरून उत्तर दाखवायचं, हात वर नाही. हात वर केले की हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. बोटं मोजून प्रत्येक उत्तरासमोर आकडा लिहिते. पहिल्या उत्तराला दर वर्षी सगळ्यांत जास्त मतं पडतात. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला देते. वर्गात कालवा होतो, होऊ द्या. तो कालवा भूगोलाचा असतो.

त्यानंतर पडदा. स्टेलॅरियम नावाचं आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. त्यात ठिकाण कोल्हापूर, म्हणजे अक्षांश १६.७ उत्तर आणि रेखांश ७४.२ पूर्व. तोंड पश्चिमेला. दिगंशाची जाळी, म्हणजे क्षितिजावरची दिशा अंशांत दाखवणाऱ्या रेषा, चालू करायची. १ नोव्हेंबरपासून सुरुवात करून सात-सात दिवस पुढं सरकायचं, प्रत्येक वेळी सूर्य क्षितिजाला टेकला की थांबायचं. आणि दर थांब्याला एक मूल उठून फळ्यावर काढलेल्या क्षितिजाच्या रेघेवर खडूनं ठिपका देतं, शेजारी तारीख. ठिपके डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत जातात. मध्ये १० नोव्हेंबरला जादा थांबून तो ठिपका मी मुद्दाम वेगळ्या रंगानं द्यायला लावते. तो पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला पडतो, आणि तिथंच तिसरं उत्तर गळून पडतं. डिसेंबर येतो तसे ठिपके एकमेकांजवळ यायला लागतात. २१ डिसेंबरला साडेचोवीस अंशांच्या आसपास सूर्य जणू थबकतो. दिवस सगळ्यांत लहान तेव्हा असतो, पण किरणोत्सव तेव्हा नाही. पहिलं उत्तर देणारी मुलं आपणहून मान डोलावतात.

इथं मी थांबवते. पडदा काळा करते. सादरीकरण चालू असताना की-बोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबलं की चित्र परत येतं. स्टेलॅरियमसारख्या दुसऱ्या खिडकीत असाल तर प्रोजेक्टरच्या रिमोटवर पडदा कोरा करायचं बटण असतंच. हे बटण माझ्या सगळ्या साधनांत सगळ्यांत जास्त वापरलं जातं. मग विचारते, "आता सूर्य उलटा फिरला. त्या रंगीत ठिपक्यावर तो परत कधी येणार?" मुलं बोटांवर मोजतात. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तर २१ डिसेंबरपासून तेवढेच दिवस पुढं. ३१ जानेवारी! मागच्या बाकावरून पहिल्यांदा तारीख ओरडून सांगितली जाते तेव्हा वर्गात जे होतं, त्यासाठी मी अजून शिकवते. मग पडदा उघडून १ फेब्रुवारी दाखवायचा. सूर्य त्याच ठिपक्यावर टेकलेला असतो.

यानंतर प्रश्न मुलांकडून येतात. तीनच दिवस का? तर त्या काळात मावळतीची जागा रोज ०.३ अंशानं सरकते, म्हणजे सूर्यबिंबाच्या अर्ध्याहून किंचित जास्त. लांबच लांब वाट पार करून येणाऱ्या किरणांना एवढं सरकणंही पुष्कळ होतं. कधी किरणं पूर्ण का पोहोचत नाहीत? तर ढग, धुरकं, वाटेतली बांधकामं. नोव्हेंबरात मुलांना प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगते आणि वहीत वेळ लिहायला लावते. चाळीस मिनिटांच्या तासात पडदा एकूण दहा-बारा मिनिटं उजळलेला होता. बाकीचा वेळ फळा, बोटं आणि बोलणं. हे प्रमाण मी सगळीकडे सांभाळायचा प्रयत्न करते.

व्हिडिओबद्दल. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाच मिनिटं सलग लावू नका. त्यातले ४० सेकंद कापून घ्या, किंवा कापता येत नसतील तर कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं ती वेळ कागदावर लिहून ठेवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत गेलं की एकेक चौकट पुढं सरकते. दरड कोसळताना आधी काय हललं, लाट कशी फुटली, हे त्या एकेक चौकटीत दिसतं. चौकोनी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो. एवढ्या दोन युक्त्या आल्या तरी फोनवर काढलेली साधी चित्रफीत प्रयोगशाळेसारखी वापरता येते.

आणि आवाज बंद करा. चांगल्या चित्रफितींचं निवेदन बहुतेक इंग्रजीत असतं, किंवा मग अशा पुस्तकी मराठीत की मुलांना तेही परकं वाटतं. मूक चित्रावर तुम्ही स्वतः बोला, मुलांच्या भाषेत. आपल्या गावाला याची परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून या कोल्हापुरात मूकपट काढले, 'प्रभात' फिल्म कंपनीची सुरुवातही १९२९ साली इथंच झाली. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी वाद्यं वाजायची, पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी मोठ्यानं वाचून गोष्ट सांगायचं. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दिसला की मला तो पडद्याशेजारी उभा राहून बोलणारा माणूस आठवतो. वर्गात ती जागा तुमची आहे. घरी एकदा घड्याळ लावून चित्रासोबत बोलून बघा, वाक्य चित्राच्या आधी संपतंय की नंतर ते लगेच कळतं.

याच्या उलट, कधी चित्र बंद आणि आवाज चालू असं करा. धरणाच्या धड्याला मी आधी फक्त आवाज ऐकवते, दरवाजातून कोसळणाऱ्या पाण्याचा. मुलं डोळे मिटून ऐकतात आणि अंदाज करतात, हे पाणी किती असेल. मग राधानगरी. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलेलं धरण, ७ स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात बातमी येते, एक दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग. हा आकडा मुलं दर वर्षी ऐकतात, पण त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. गुणाकार फळ्यावर मुलांनीच करायचा. सेकंदाला ४० हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा १० हजार लिटरचा टँकर त्यांनी पाहिलेला असतो. दर सेकंदाला असे चार टँकर, एका दरवाजातून. हे कळल्यावर मग वीस सेकंदांची चित्रफीत लावायची. आता ते पाणी बघतात तेव्हा मोजत बघतात.

पुराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. २०१९ च्या पुरानंतर काही वर्षांनी मी वर्गात त्या दिवसांच्या बातम्यांची एक चित्रफीत लावली. आवाज मोठा, पार्श्वसंगीत, बुडालेली घरं. उद्देश चांगला होता, मुलांना विषय जवळचा वाटावा. नदीकाठच्या गावातली एक मुलगी बाकावर डोकं टेकून बसली ती तास संपेपर्यंत उठली नाही. नंतर तिनं सांगितलं की घर सोडताना त्यांची म्हैस दावणीलाच राहिली होती. मी तेव्हापासून पूर दाखवताना बातम्यांची दृश्यं वापरत नाही. मुलांनी जे अंगावर झेललंय ते पडद्यावर मोठं करून दाखवायची गरज नसते. आता मी नकाशा दाखवते आणि आकडे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. फरक १३ फूट. वर्गाच्या भिंतीला टेप लावायला सांगते. आमच्या वर्गाचं छत ११ फुटांवर आहे, टेप तिथंच संपते, आणि मुलं वर बघत राहतात. मग गुगल अर्थवरची १९८४ पासूनची उपग्रहचित्रं, वर्षामागून वर्ष, नदीच्या वळणांशेजारी वस्ती कशी वाढत गेली ते. ज्या मुलांना बोलायचं असतं ती बोलतात. ज्यांना नसतं त्यांच्याकडे मी प्रश्न टाकत नाही. तुमचं गाव दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात आहे, तिथलीही मुलं यातून गेलेली असणार. आधी चौकशी करून ठेवा.

दगड शिकवताना चित्रं शोधत बसू नका. फोन हाच उत्तम कॅमेरा आहे. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये फोन आडवा ठेवून, कॅमेरा खाली करून, तो प्रोजेक्टरला जोडला की टेबलावरची वस्तू पडद्यावर मोठी दिसते. केबल नसेल तर लॅपटॉपवर बिनतारी जोडणीही होते, पण केबल कधी दगा देत नाही. पन्हाळ्याचा जांभा आणि कुठल्याही खडीच्या ढिगातला काळा बेसाल्ट शेजारी शेजारी ठेवा. जांभ्यातली छिद्रं, लोहाचा तांबडेपणा पडद्यावर हाताएवढा दिसतो, आणि तोच तुकडा मग बाकांवरून फिरतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मातीचा थर इतका पातळ का, हा प्रश्न हातातल्या दगडावरून विचारता येतो. जगातल्या सुंदर ज्वालामुखीच्या फोटोपेक्षा बोटाखालचा खरखरीतपणा मुलांना जास्त दिवस लक्षात राहतो.

मुलांनी स्वतः काही बनवणं हा याच विषयाचा भाग आहे आणि बहुतेक शिक्षक तिथं पोहोचतच नाहीत. मी शेतीवर आधारित उद्योगांच्या धड्याला गुऱ्हाळ देते. चौघांचा गट, ८ फोटो, ३ मिनिटांचा स्वतःचा आवाज. इंटरनेटवरचं एकही चित्र चालणार नाही. फोटो काढण्याआधी गुऱ्हाळमालकाची परवानगी घ्यायची, काम करणाऱ्यांना विचारायचं. फोटो कोणत्या क्रमानं लावायचे यावर गटात भांडणं होतात, आणि ती भांडणं म्हणजेच उत्पादनप्रक्रिया समजणं. मागे एका मुलानं, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, आपल्या गटाचं निवेदन केलं. त्याचे मामा गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर होते. रसातली मळी काढायला भेंडीचं पाणी का घालतात, पाक तयार झाला हे पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का यावरून कसं ओळखतात, चुलवाणातला जाळ त्या क्षणी कमी का करावा लागतो, हे सगळं त्यानं काहिलीसमोर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईसमोर उभं राहून, मागं रटरटणाऱ्या रसाच्या आवाजात सांगितलं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत आहे. तुमच्या कागलच्या पट्ट्यात ऊस भरपूर आहे, कुणाचं ना कुणाचं घर यात असणारच. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना गटात घ्या आणि निवेदनाचं काम द्या, ते काम फोटो काढण्यापेक्षा मोठं आहे.

थोडं साधनांबद्दल, कारण इथंच अर्धे तास वाया जातात. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉण्टमध्ये केलेल्या स्लाइड मी एकदा दुसऱ्या एका कॉलेजात घेऊन गेले आणि पडद्यावर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा चुरा आला, पन्नास शिक्षक समोर बसलेले. 'मुक्त' किंवा 'नोटो' नावाच्या फॉण्टसारखे युनिकोड फॉण्ट फुकट आहेत, शिवाय सोबत पीडीएफ प्रत ठेवा. दिवे पूर्ण घालवू नका. अंधार केला की झोप येते आणि तुमचा चेहरा दिसत नाही. पडद्यावरचे तेवढे दिवे बंद करा, उजेडाच्या वर्गात पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं जास्त वाचता येतात. अक्षराचा आकार ठरवायला एकच कसोटी, शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून बघा. पैसे थोडे असतील तर आधी चांगला स्पीकर घ्यायला सांगा. अंधुक चित्र मुलं सहन करतात, न कळणारा आवाज करत नाहीत. सगळं पेनड्राइव्हवर घ्या, नेटवर अवलंबून राहू नका. आणि वीज गेली तर तोच तास खडूनं कसा घ्यायचा हे माहीत असल्याशिवाय वर्गात जाऊ नका.

तयार साहित्यात पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि सरकारचं दीक्षा ॲप आहे, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे संवादी प्रयोग सांगा, त्यातले बरेच मराठीतही आहेत. पण काहीही वर्गात पहिल्यांदा पाहू नका. आधी पूर्ण पाहा, कुठं थांबवायचं आणि काय विचारायचं ते ठरवा. प्रश्न सुचला नाही तर ती चित्रफीत सोडून द्या, कितीही देखणी असली तरी.

प्रत्येक तासाला हे जमणार नाही आणि जमवूही नका. आठवड्यातून एक तास असा नीट बांधला, तरी वर्षाला तीस तास होतात. बाकीचे तास खडूनं घ्या. समोच्च रेषा शिकवायला मी अजून अर्धा बटाटा सुरीनं चकत्या करून कागदावर गिरवते, त्यापुढं कुठलंही त्रिमितीय ॲनिमेशन मला कमी वाटतं. तपासणीला किती स्लाइड वापरल्या हे विचारतात हे मला माहीत आहे. तिथं आकडा द्यावा लागला तर द्या, पण त्या आकड्यासाठी तास लावू नका.

तास साधला की नाही हे कसं कळणार, तर मुलं खूश दिसण्यावरून नाही. पुढच्या आठवड्यात पडदा न उघडता कोरा कागद द्या आणि म्हणा, आठवून काढा. किरणोत्सवाच्या तासानंतर माझ्या मुलांनी क्षितिजाची रेघ आणि ठिपके काढले, बऱ्याच जणांना तारखाही आठवल्या. पूर्वी याच धड्याला मी रंगीत ॲनिमेशन लावायचे, तेव्हा कागदावर सूर्य आणि पृथ्वी यापलीकडे काही येत नसे.

राहिला व्हॉट्सॲपचा प्रश्न. तासाआधी देऊ नका, नाहीतर तुमचा प्रश्न येण्याआधीच उत्तर त्यांच्या हातात असेल. तासानंतर लगेचही देऊ नका, मग कोऱ्या कागदाला अर्थ राहत नाही. तो कागद झाला की, म्हणजे साधारण आठवड्यानं, द्या. आणि नावं पुसलेले नकाशे द्या, ज्यांवर मुलांना स्वतः लिहावं लागेल. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी त्याच नकाशाच्या चार-पाच झेरॉक्स वर्गाच्या कपाटात ठेवा.